औषधाच्या खिडकीतल्या बाई

कुणाच्या घरी गेल्यावर बाई आधी पाणी घेत नसत. चप्पल काढायच्या, दिवाणावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "डबा दाखवा." डबा म्हणजे औषधांचा. भोपाळच्या नेहरू नगरातल्या आमच्या गल्लीत तो प्रत्येक घरात होता. कुठे मिठाईचा रिकामा, कुठे बिस्किटांचा पत्र्याचा, एका घरात लग्नपत्रिकांचं उरलेलं खोकं. डबा समोर आला की बाई चष्मा बदलत, गोळ्यांची पाकिटं जमिनीवर मांडत आणि एकेकावर बोट ठेवून विचारत: कोणी दिली? कशासाठी दिली? कधीपर्यंत घ्यायला सांगितली? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळत. तिसऱ्याला मिळत नसे.

"चालूच आहे ती," घरातलं कुणीतरी म्हणे.

"नळ चालू असतो जी. पंखा चालू असतो. गोळी चालू असते म्हणजे काय?"

बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिलो. एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. खोली पाहायला गेलो तेव्हा बाईंनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मटण शिजवता का हेही विचारलं नाही. झोप कशी लागते, एवढंच विचारलं. बरी लागते म्हटलं. "बरी म्हणजे तुमची स्वतःची की गोळीची?" स्वतःची, असं सांगितल्यावर किल्ली हातात दिली.

बाईंचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले होते. बाई फार्मसी शिकल्या, एका सरकारी महामंडळाच्या दवाखान्यात लागल्या आणि औषधवाटपाच्या खिडकीमागे तीस वर्षं बसून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. गल्लीत निम्मे लोक त्याच महामंडळाचे पेन्शनर होते आणि ते त्यांना 'खिडकीवाल्या बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं.

सगळ्या औषधांवर त्यांचा राग नव्हता. रक्तदाबाची गोळी चुकवणाऱ्याला त्या चारचौघांत फैलावर घेत. राग होता तो झोपेच्या गोळीवर. तोही गोळीपेक्षा ती घेण्याच्या पद्धतीवर जास्त. 'हलकी गोळी' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "हलकी कशी ठरवली? भाजीवाल्याच्या तराजूत टाकून पाहिली का?" एकदा एका हळदीकुंकवात एक पाहुणी म्हणाली की अलीकडे डोळा लागत नाही. यजमानीण आत गेली आणि तिळगुळाबरोबर पुडीत बांधून आपल्या दोन गोळ्या घेऊन आली. बाईंनी पुडी तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "लोणचं आहे का हे? माझं घेऊन बघ, तुझं मला दे?" त्या घरचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलं नाही.

त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत, बक्षीस समारंभाच्या आधी, सूचना द्यायची आहे असं सांगून त्यांनी माइक घेतला. "आपली झोपेची गोळी शेजारणीला दिली असेल त्यांनी हात वर करा." लोक हसले. बाई हसल्या नाहीत, थांबून राहिल्या. हळूहळू पाच-सहा हात अर्धे वर आले. "आता ज्यांची शेजारीण पडली, हाड मोडलं, त्यांनी हात वर ठेवा." दोन हात वर राहिले. अध्यक्षांनी माइक काढून घेतला आणि मोदक स्पर्धेचा निकाल जाहीर केला.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. मीही म्हणत असे. समोरच्या घरातल्या काकूंचं प्रकरण घडेपर्यंत.

काकूंचे यजमान महामंडळात हेडक्लार्क होते. ते गेल्यावर काकू एकट्या राहत. एकुलता मुलगा भोपाळजवळच्या मंडीदीपमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर. तो बायको आणि छोट्या मुलासह तिथेच राहायचा आणि रविवारी आईकडे यायचा. काकू एकेकाळी महिला मंडळाच्या चिटणीस होत्या, गल्लीतल्या प्रत्येकाचं नातंगोतं त्यांना तोंडपाठ असे, असं सगळे सांगत. मी पाहिल्या त्या काकू सकाळी दहा वाजता दारात उभ्या राहून आज वार कोणता ते विचारायच्या. मला त्या त्यांच्या भाच्याच्या नावाने हाक मारत. गॅस उघडा राहायचा. बोलताना जीभ जड व्हायची. न्हाणीघरात दोनदा पडल्या होत्या. एका खासगी डॉक्टरने "वयाचं आहे" म्हणून सांगितलं होतं. मुलाने शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाचा अर्ज भरून ठेवला होता. महिनाअखेर आईला तिथे सोडायचं आणि घराला कुलूप लावायचं, असं ठरलं होतं.

बाईंनी काकूंचा डबा उघडला तो त्या आठवड्यात. इतक्या उशिरा का, असं मी नंतर विचारलं. "वहिनी दार उघडत नव्हत्या माझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "हेडक्लार्कची बायको. तिच्या डब्याला कोण हात लावणार? आश्रमाचं ठरलं तेव्हा कुठे उघडलं दार."

डब्यात झोपेच्या गोळ्यांची चार पाकिटं होती. बाईंनी काकूंचं मेडिकल बुक मागितलं. महामंडळाच्या पेन्शनरांना औषध फुकट मिळतं. त्यासाठी प्रत्येकाच्या नावाची एक जाड वही असते, डॉक्टर तिच्यात औषध लिहितो आणि खिडकीवर ते मिळतं. बाईंनी बुक उलटंसुलटं चाळलं, मग मला माझ्या खोलीतून खाली बोलावलं. "या जी पेपरवाले. वाचता येतं ना? वाचा."

मी वाचलं. यजमान गेल्यानंतरच्या आठवड्यातली नोंद होती: झोपेची गोळी, अर्धा मिलिग्राम, दहा दिवस. त्याखाली पुढच्या महिन्यात एक ओळ, इंग्रजीत, आधीचं सर्व चालू. त्यापुढच्या महिन्यात तीच ओळ. अशी सहा वर्षं. दोन वर्षांपूर्वी एकदा मात्रा दुप्पट झाली होती आणि पुढे लिहिलं होतं, नातेवाइकांच्या सांगण्यावरून.

काकूंचे कुणी नातेवाईक तिथे गेले नव्हते. काकूही गेल्या नव्हत्या. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन बस, मग रांग. म्हणून गल्लीची एक रीत होती. दर मंगळवारी एका पेन्शनराची पाळी. तो सगळ्यांची बुकं कापडी पिशवीत घालून नेई, डॉक्टरच्या टेबलावर गठ्ठा ठेवी, दुपारी औषधं घेऊन परत येई आणि घरोघरी वाटे. त्याबद्दल कुणी चहासुद्धा घेत नसे. ही रीत म्हणजे गल्लीचा अभिमान होता. ज्या मंगळवारी मात्रा दुप्पट झाली, त्या दिवशी एका निवृत्त ड्रायव्हरची पाळी होती. काकूंना हल्ली झोप कमी लागते म्हणे, असं तो टेबलापाशी डॉक्टरशी बोलता बोलता म्हणाला होता. त्याने मला हे स्वतः सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटत नव्हतं.

सहा वर्षांत तिथल्या एकाही डॉक्टरने काकूंना पाहिलं नव्हतं. हे वाक्य मी पानं तपासून लिहितो आहे. नाडी नाही, रक्तदाब नाही, वजन नाही, एक प्रश्न नाही. तीन डॉक्टर झाले. ओळ बदलली नाही. ज्या म्हातारीची गोळी तिला पाडत होती आणि वार विसरायला लावत होती, तिला वय झालं म्हणून वृद्धाश्रमात टाकायला निघाले होते, आणि कुणालाही आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नव्हतं.

मी बातमी लिहिली. नावं न घेता, कागदावर जेवढं होतं तेवढंच. शहर आवृत्तीच्या प्रमुखाने वाचली आणि परत दिली. "इसमें खबर क्या है, भाई? डॉक्टर ने लिखी, मरीज ने खाई." बाईंना हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "बरोबर आहे त्यांचं. मेल्यावर या. फोटो मोठा छापा."

रविवारी मुलगा आला, तेव्हा बाई त्याच्यासाठी थांबूनच होत्या. मीही तिथे होतो. बाई अर्धा तास बोलल्या. म्हाताऱ्या शरीरातून ही गोळी लवकर बाहेर पडत नाही, रोज थोडी साठते. पाय लटपटतात, आठवण पुसते, आणि लोकांना वाटतं डोकं गेलं. "तुझ्या आईचं डोकं जागेवर आहे रे. ह्या विषानं झाकून ठेवलंय." त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी त्या म्हणाल्या की गोळी एकदम बंद करायची नसते, डॉक्टरला दाखवून पायरी-पायरीने कमी करतात, मी नागपूरहून आले की आपण जाऊ. त्यांना भाचीच्या लग्नाला जायचं होतं.

मुलाने अर्धा तास ऐकला. शेवटचं वाक्य ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि त्याला ते तेवढं महत्त्वाचं वाटलं नाही. बाई ज्या गोष्टीला विष म्हणत होत्या, ती आईला आणखी एक दिवस द्यायची कशी, असा त्याने विचार केला. चांगल्या मुलाने करावा तसाच. आम्ही निघून गेल्यावर चारही पाकिटं फोडून त्याने मोरीत धुऊन टाकली आणि मंडीदीपला गेला.

बुधवारी दुपारी काकूंकडे भांडी घासणारी बाई ओरडत रस्त्यावर आली. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. हातपाय ताठ होऊन झटके देत होते, तोंडाला फेस होता. मी आणि तो निवृत्त ड्रायव्हर, दोघांनी त्यांना रिक्षात घालून जवळच्या खासगी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोई दवा बंद की है क्या? नींद की?" मला माहीत नव्हतं. बाईंना फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"गोळी बंद केली का त्यानं?"

"माहीत नाही."

"मुलाला विचारा. लगेच. नाही, थांबा, वेळ घालवू नका. डॉक्टरला सांगा, सहा वर्षांची गोळी तुटली असेल. एवढंच सांगा. फोन ठेवा."

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, नर्सला काहीतरी द्यायला सांगितलं, आणि काकू वाचल्या. मात्र ओटा लागून त्यांचं मनगट मोडलं होतं.

बाई लग्न टाकून मिळेल त्या गाडीने आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघे होतो, बाई, मुलगा आणि मी. मुलगा बाईंकडे वळला. "तुम्ही विष म्हणालात. मी विष फेकलं. माझं काय चुकलं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "मी अर्धा तास भाषण केलं. कामाचं वाक्य शेवटी बोलले. ते पहिलं बोलायला पाहिजे होतं, आणि कागदावर लिहून द्यायला पाहिजे होतं. तीस वर्षं खिडकीवर काढली मी. माणूस पहिलं वाक्य ऐकतो, हे मला माहीत होतं."

"पण पेशंट न बघता सहा वर्षं औषध देतातच कसं? कोणी चालवलं हे असं?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं. "मी."

मुलाला कळलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी सांगितलं. पूर्वी प्रत्येक पेन्शनरला स्वतः यावं लागे. म्हातारे लोक उन्हात रांगेत उभे राहत, एकदोघांना चक्कर आली. बाईंनी वरिष्ठांना अर्ज दिला की जुन्या रुग्णांची बुकं एकत्र ठेवून घ्यावीत, डॉक्टरांनी सवडीने लिहावं, औषध कुणाच्याही हाती द्यावं. अर्ज मंजूर झाला. खिडकीशेजारी बुकं ठेवायला लाकडी पेटी आली. वार्षिक समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. "पेटी माझी. मंगळवारची पाळीसुद्धा मीच लावून दिली होती या लोकांना. रिटायर झाल्यावर एक दिवस घरी बसून विचार केला, की शेवटची पाच वर्षं मी खिडकीतून कोणाकोणाचं तोंड पाहिलं? कोणाचंच नाही जी. पिशव्या पाहिल्या. तेव्हापासून डबे उघडून राहिले मी."

आता त्यांचं तोंड तांबडं झालं होतं. "पण मी पेटी मागितली होती. बघू नका म्हणून नव्हतं मागितलं. त्या खुर्चीवर बसणाऱ्यानं महिन्यातून एकाला तरी बोलावून घ्यायचं होतं की नाही? त्यांची सही आहे, माझी नाही. सही करणाऱ्याला शिक्षा नाही, शाल घेणारीलाही नाही. मनगट मोडलं ते वहिनींचं."

हे सगळं काकूंनी आतून ऐकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली आणि ती उतरवायचा तक्ता करून दिला. दर काही आठवड्यांनी थोडी कमी, त्रास वाढला तर तिथेच थांबायचं, दर पायरीला स्वतः येऊन दाखवायचं. गोळ्या कापायचं काम बाईंनी घेतलं. दाढीच्या पात्याने, काचेच्या बशीत. सोपं गेलं नाही. काकूंचे हात थरथरत, छातीत धडधडे, रात्र-रात्र झोप नसे आणि त्या बाईंना वाटेल ते बोलत. मुलाने वृद्धाश्रमाचा अर्ज परत घेतला नव्हता, फक्त पुढे ढकलला होता. सगळं त्या तक्त्यावर अवलंबून होतं.

चौथ्या महिन्यात एके सकाळी काकूंनी मला माझ्या नावाने हाक मारली. मग वर्तमानपत्रातली चूक दाखवली, ती माझ्याच पानावरची होती. जीभ मोकळी झाली. पाय स्थिर झाले. मुलाने अर्ज फाडला. त्याच रविवारी तो मोबाइलवर जुने फोटो दाखवत होता. एका फोटोत काकूंच्या मांडीवर नातू होता, बारशाचा. काकूंनी फोटो मोठा करून पाहिला.

"मी कधी गेले होते?"

"आई, तूच तर नाव सांगितलंस कानात."

काकूंनी मोबाइल मुलाला परत दिला. मग त्यांनी विचारलं, त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाला कोण कोण आलं होतं. मुलगा एकेक नाव सांगत गेला. त्यातलं एकही त्यांना आठवत नव्हतं. गोळी उतरली म्हणून ती वर्षं परत येत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

पुढच्या मंगळवारी काकूंनी आपलं बुक पिशवीत टाकू दिलं नाही. स्वतः घेऊन निघाल्या. बाई बरोबर गेल्या. मीही गेलो, कारण मला ते पाहायचं होतं. टेबलावर गठ्ठे होते. डॉक्टरने मान वर न करता हात पुढे केला. "अम्मा, बुक रख जाइए. बारह बजे ले लेना."

"बुक नहीं, आज मैं आई हूँ."

"क्या तकलीफ है?"

"आप बताइए. तीन साल से तो आप ही मेरा इलाज कर रहे हैं. उससे पहले दो और थे."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. बुक उघडलं, चाळलं, आपली सही पाहिली. पुन्हा पुन्हा. आवाज उतरला. "देखिए अम्मा, यहाँ सिस्टम ऐसा है. पीछे लाइन देखिए."

"देखी. इसमें लिखिए कि आज आपने मुझे देखा."

"ऐसा नहीं लिखते."

"तो बैठी हूँ."

त्या बसल्या. रांग कुजबुजायला लागली. बाई काकूंच्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी डॉक्टरने रक्तदाब घेतला, आकडा लिहिला आणि पुढे दोन इंग्रजी शब्द लिहिले, रुग्णास पाहिले. पाहिल्याची ही सहा वर्षांतली पहिली नोंद. त्याने पुढचं बुक ओढलं. त्या बुकाचा माणूस तिथे नव्हता. डॉक्टरने पेन टेकवलं, क्षणभर थांबला आणि नेहमीची ओळ लिहिली.

परतताना आम्ही तिघे रिक्षात बसलो. मग काकू बाईंकडे न बघता म्हणाल्या, "नातवाचं बारसं गेलं माझं."

"हो."

"त्या पेटीपायी."

"हो वहिनी."

"इस्पितळात ऐकलं मी सगळं. माफबिफ करणार नाही मी तुम्हाला. म्हातारी झाले म्हणून कुणी माझ्याकडून ते धरू नये."

"मी मागितली नाही जी," बाई म्हणाल्या. "शेवटची पाव गोळी राहिलीय तक्त्यावर. शुक्रवारपासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती घाईनं सोडायची नाही."

"या. बसा म्हणणार नाही."

शुक्रवारी बाई गेल्या. काकूंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. बाईंनी उंबरठ्याच्या आत, उभ्यानेच, बशी डाव्या तळहातावर धरली, गोळी कापली, पाव तुकडा काकूंच्या हातावर ठेवला, त्या गिळेपर्यंत थांबल्या आणि चप्पल घालून परत आल्या. तक्ता संपेपर्यंत त्या रोज गेल्या. रोज उभ्यानेच.